घरबसल्या द्रव्यलाभ

गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या भाचीनें आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर आम्हीं इतक्या तत्परतेनें, इतक्या ठामपणें आणि इतकें चुकीचें दिलें कीं, ती हकीकत लिहून काढल्यावांचून आमच्या मनास स्वस्थता लाभेल असें दिसत नाहीं. आमच्या धंद्यांत चुकीचें उत्तर देण्याचा हक्क विद्यार्थ्यांकडे असतो व तें तपासण्याचा आमच्याकडे. येथें ही वांटणी उलट झाली, हेंहि लिहिण्याचें एक कारण समजावें.

भाची सांगलीस असते. तिचे यजमान एका सहकारी संस्थेंत नोकरीस आहेत. घरीं अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेल्या सासूबाई आणि तीन वर्षांचा मुलगा. ती स्वतः मराठी घेऊन एम. ए. झालेली, परंतु उंबरठा ओलांडून दहा ते पांच कोठें जावें अशी सवड तिला नाहीं, आणि औषधांच्या दुकानाचें बिल पाहिलें म्हणजे नुसतें घरीं बसून राहावें अशीहि सोय नाहीं. अशा गृहिणींचा पत्ता ज्यांना अचूक ठाऊक असतो अशी एक मंडळी आजकाल मोबाइलमध्यें वस्तीस आली आहे. 'घरबसल्या कमवा', 'भांडवल नको, अनुभव नको, दिवसाचे फक्त दोन तास', 'गृहिणींस सुवर्णसंधि' अशा मथळ्यांचे निरोप तिला दररोज येत. त्यांतले तीन तिनें निवडले, एका कागदावर नीट उतरून काढले आणि एका रविवारीं फोन करून ती म्हणाली, "मामा, तुम्ही चार पुस्तकें वाचलेलीं आहेत. यांतलें खरें कोणतें, खोटें कोणतें, आणि वेळ घालवावा असें कोणतें, एवढें मला सांगा."

'चार पुस्तकें वाचलेला मनुष्य' या पदवीनें आम्ही नेहमींच फुलून जातों. आम्हीं तिचा कागद पुरता ऐकून घेण्यापूर्वींच तिन्हींवर फुली मारली. पहिली संधि लुच्चेगिरीची, दुसरी वेळेच्या नासाडीची, तिसरी निव्वळ हमालीची, असे तीन शेरे दिले. "फुकटचा पैसा या जगांत कोठेंहि नसतो," असें एक वाक्य त्यावर ठेवून दिलें. आणि "आरंभीं थोडे पैसे देतील, मग 'प्रीपेड' कामाला बोलावतील, तेथें एक पैहि घालूं नकोस," अशी ताकीद देऊन फोन बंद केला. ती "बरें, मामा," एवढेंच म्हणाली.

एक गोष्ट मात्र आम्हीं तिला सांगितली नाहीं. या विषयांतलें आमचें ज्ञान पुस्तकांतून आलेलें नव्हतें.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यांत, उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा हातावेगळा करून आम्ही सुट्टीच्या आळसांत पडलों असतां, एका सुशिक्षित वळणाच्या स्त्रीच्या नांवानें एक निरोप आमच्या मोबाइलवर आला. परगांवच्या हॉटेलांस घरबसल्या पांच-पांच तारे द्यावयाचे व हॉटेलामागें ५० रुपये घ्यावयाचे, असा तो सौदा होता. हा सौदा खोटा आहे हें आम्हीं तत्काळ ओळखलें. वाचकांनीं हें वाक्य विसरूं नये. आम्हीं तें ओळखलें होतें. परंतु मनुष्यस्वभावाचे अभ्यासक अशी आमची वर्गांत ख्याति आहे, निदान ती आम्हींच पसरविली आहे. तेव्हां या लबाडीची तऱ्हा तरी पाहावी, गांठचें कांहीं जात नाहीं, असें म्हणून आम्हीं तीन हॉटेलांस तारे बहाल केले. दहा मिनिटांत १५० रुपये आमच्या खात्यांत जमा झाले.

ते १५० रुपये खरे होते. आमचा संशय त्यांनीं विकत घेतला, आणि इतक्या स्वस्तांत तो पूर्वीं कोणीं घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशीं ३०० आले. तिसऱ्या दिवशीं आम्हांस एका मंडळांत घेण्यांत आलें. तेथें चाळीसएक सभासद आपापल्या कमाईचीं चित्रें एकमेकांस दाखवीत व एकमेकांचें अभिनंदन करीत. हे चाळीस सभासद बहुधा एकाच टेबलापाशीं बसलेले दोघे-तिघे असावेत, हें आम्हांस आज कळतें. मग 'प्रीपेड' काम निघालें. १,००० भरले, १,३०० परत आले. ५,००० भरले, पडद्यावर ६,५०० दिसूं लागले, पण ते काढावयाचे तर 'संच' पुरा केला पाहिजे, आणि संचांतलें पुढचें काम २८,००० रुपयांचें. तेहि भरले. पडद्यावरचा आंकडा ४२,९०० झाला. तो काढूं गेलों तेव्हां 'कर' म्हणून आणखी ३६,००० मागण्यांत आले, आणि तेथें कोठें आमची विद्वत्ता जागी झाली. गेले ३३,०००, आले, पहिले ४५० व मधले ३०० मिळून, ७५०. आमच्या सौभाग्यवतींस ही हकीकत याच पानावरून प्रथम कळणार आहे. त्या हें मासिक नियमानें वाचतात, तेव्हां पुढील अंकांत आमचा लेख न दिसल्यास वाचकांनीं कारण समजून घ्यावें.

लोभ हें या फजितीचें कारण म्हणून सांगण्याची वहिवाट आहे, व लोभ नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुढें पुष्कळ दिवस विचार केल्यावर आम्हांस निराळेंच कांहीं दिसलें. आम्हांस कोणी "ही घ्या लॉटरी" असें म्हटलें असतें तर आम्हीं फोन खालीं ठेवला असता. त्यांनीं आम्हांस काम दिलें. काम अगदीं पोरकट, बोटानें पडदा दाबण्याचें. पण वेळेवर करावयाचें, त्याची पोंच द्यावयाची, वर एक देखरेख करणारी बाई, चुकलें तर गोड शब्दांत समज. त्यामुळें जें मिळालें तें आपण कमावलें असें वाटूं लागलें, आणि कमावलेल्या पैशाचा मनुष्यास हक्क वाटतो. ५,००० अडकले तेव्हां ते सोडवून घेणें हा आम्हांस लोभ वाटलाच नाहीं. तो न्याय वाटला. गेलेल्या पैशाच्या शोधार्थ दुसरा पैसा पाठवावा आणि दोघेहि परत येऊं नयेत, असा तो प्रकार झाला.

अशा प्रसंगीं १९३० या क्रमांकावर तात्काळ फोन करावा, म्हणजे पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत पळण्यापूर्वीं रोखले जाण्याचा संभव असतो, हें आम्हांस माहीत होतें. आम्हीं तीन दिवस फोन केला नाहीं. पहिला दिवस आशेंत गेला, दुसरे दोन लाजेंत. तिसऱ्या दिवसानंतर तक्रार नोंदविली, तेव्हां रोखण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. मात्र दीड महिन्यानें बँकेकडून कळलें कीं, आमच्याच खात्यांतले ३०० रुपये परराज्यांतल्या एका तक्रारीवरून अडकवून ठेवलेले आहेत. आमच्या दुसऱ्या दिवसाच्या श्रमांचा जो मोबदला आम्हांस मिळाला होता, तो कोणा दुसऱ्याच्या खिशांतून चोरलेला होता! त्या गृहस्थाचें वा बाईचें नांव आम्हांस कळलें नाहीं. आमचे ५,००० अशाच रीतीनें तुकडे होऊन कोणा नवख्या मंडळींच्या 'पहिल्या कमाई'स लागले असतील, आणि त्या मंडळींनाहि ते खरे वाटले असतील.

आणि ती गोड बोलणारी बाई? तिचा राग आम्हीं पुष्कळ दिवस जोपासला. पुढें वाचनांत आलें कीं, या जातीच्या फसवणुकीचे कारखाने आग्नेय आशियांत चालतात आणि त्यांतले कामगार पुष्कळदां स्वतःच फसवून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानें ऑगस्ट २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, म्यानमारमध्यें निदान १,२०,००० आणि कंबोडियांत सुमारें १,००,००० माणसें अशा कुंपणांच्या आंत बळजबरीनें राबविलीं जात असावींत, असा अंदाज दिला आहे. मार्च २०२५ मध्यें म्यानमारमधून सुटलेल्या पांचशेंहून अधिक भारतीयांस सरकारनें विमानानें परत आणलें. यांतल्या पुष्कळांस तेथें नेणारी वस्तु म्हणजे परदेशांतल्या चांगल्या पगाराच्या नोकरीची जाहिरातच होती. आम्हांस तारे द्यावयास लावणारी ती व्यक्ति बाई होती कीं पुरुष, मोकळी होती कीं कोंडलेली, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण तेव्हांपासून आमच्या रागास नीट ठिकाण सांपडत नाहींसें झालें आहे.

दुधानें तोंड पोळलें म्हणजे मनुष्य ताक फुंकून पितो. आम्ही त्याच्याहि पुढें गेलों. पांढरें दिसेल तें ओतून देऊं लागलों. अध्यापकांच्या खोलींत अशा विषयाची गोष्ट निघाली कीं, आमच्याजवळ आंकडे तयार असत. एक तरुण सहकारी मधल्या सुट्टींत शेअर-बाजाराच्या 'फ्युचर्स-ऑप्शन्स'मध्यें व्यवहार करी; त्याच्यापुढें आम्हीं सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेला अभ्यास ठेवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत हा खेळ खेळणाऱ्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं ९३ टक्के तोट्यांत गेल्या; माणशीं सरासरी तोटा सुमारें २ लाख रुपये; सर्वांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. आणि खर्च वजा जातां १ लाखाहून अधिक नफा केवळ १ टक्का लोकांस. सहकाऱ्यानें अभ्यास लक्षपूर्वक वाचला व तो म्हणाला, "म्हणजे सात टक्के फायद्यांत आहेत!" यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. मुंबईनें हा तमाशा एकदां पाहिलेला आहे. अमेरिकेंतल्या यादवी युद्धामुळें इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला, त्या पैशावर बॅकबे भरून काढणाऱ्या कंपनीचे शेअर आभाळास भिडले, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तेच शेअर रद्दीच्या भावानें कोणी घेईना. त्या वेळीं बुडालेल्यांतहि चार पुस्तकें वाचलेले कमी नव्हते.

ज्यांस स्वतः खेळावयाचें नसतें ते खेळ शिकवितात. 'महिना लाख रुपये कसे मिळवावे' हें ४,९९९ रुपयांत शिकविणारा गुरु लाख रुपये कसे मिळवितो, याचा हिशेब वीस-एकवीस शिष्यांत पुरा होतो. यांत गूढ असें कांहीं नाहीं. कॅलिफोर्नियांत १८४८ सालीं सोनें सांपडलें तेव्हां सॅम्युएल ब्रॅनन नांवाच्या दुकानदारानें सोन्याची कुपी हातांत घेऊन सॅन फ्रॅन्सिस्कोच्या रस्त्यांतून दवंडी पिटली. सोनें खणण्याचें सामान मात्र त्यानें आधींच आपल्या दुकानांत भरून ठेवलें होतें. तो श्रीमंत झाला. आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस यूट्यूबवर व्याख्यानें देण्याचा आग्रह केला, तेव्हां आम्हीं चौकशी केली. जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळण्यास १,००० वर्गणीदार व बारा महिन्यांत ४,००० तासांचें प्रेक्षण लागतें. ८० मुलांच्या वर्गास पन्नास तास शिकविलें कीं ४,००० तास होतात. म्हणजे हा उंबरठा आम्ही दर सत्रांत ओलांडतों. परंतु आमचे श्रोते हजेरीसाठीं येतात, आणि यूट्यूबवर हजेरी घेण्याची सोय नाहीं.

अशा मनःस्थितींत भाचीचा फोन आला होता. तिची पहिली संधि म्हणजे आमचीच जुनी ओळख. हॉटेलांच्या जागीं चित्रपट होते, एवढाच फरक. तिजवर फुली मारली यांत आमचें कांहीं चुकलें नाहीं. दुसरी, प्रश्नावल्या भरून देण्याची. तींत लबाडी नव्हती. पण दहा प्रश्नांचीं उत्तरें घेऊन झाल्यावर 'या पाहणीस आपण पात्र नाहीं' असें सांगावयाचें, आणि ५०० रुपये सांठल्याशिवाय एक रुपयाहि हातीं द्यावयाचा नाहीं, अशी व्यवस्था होती. ते ५०० सांठेपर्यंत मुलगा शाळेंत जाऊं लागला असता.

तिसरी निराळी होती. मराठी बोलणें ध्वनिमुद्रित केलेले तुकडे ऐकावयाचे आणि जसें ऐकूं येईल तसें अक्षरशः उतरून द्यावयाचें. हें कशासाठीं, तर पुढें यंत्रानें मराठी ऐकावें व लिहावें म्हणून. मोबदला ध्वनीच्या एका मिनिटास ६ रुपये. आम्हीं लगेच भागाकार केला. नवख्या माणसास एका मिनिटाचें बोलणें शुद्ध उतरावयास नऊ-दहा मिनिटें लागतात, म्हणजे तासाचे ४० रुपये. "एम. ए. झालेल्या बाईनें तासाला चाळीस रुपयांवर राबावें काय?" असा प्रश्न आम्हीं टाकला, आणि पाठोपाठ एक ऐतिहासिक दाखलाहि दिला, कारण दाखल्यावांचून आम्हांस कोणाचें मन मोडतां येत नाहीं. १७७० सालीं फॉन केम्पेलेन नांवाच्या गृहस्थानें व्हिएन्नाच्या दरबारांत तुर्की पोशाखाचा एक बुद्धिबळ खेळणारा बाहुला आणला. तो यंत्रानें खेळतो असें सांगत. पण पेटींत एक माणूस अंग चोरून बसलेला असे, व खेळी त्याची असे. बाहुला युरोप-अमेरिका हिंडला, नांव त्याचें झालें, पेटींतल्या माणसाचें झालें नाहीं. अमेझॉननें २००५ सालीं असल्या फुटकळ कामांचा बाजार उघडला आणि त्या बाहुल्याचें 'मेकॅनिकल टर्क' हेंच नांव त्यास उघडपणें दिलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तेथल्या कामगारांची मध्यम मिळकत तासास सुमारें २ डॉलर निघाली, अमेरिकेच्या ७.२५ डॉलर या किमान वेतनाहून अधिक मिळविणारे शेंकडा ४ होते. "तूं पेटींतला माणूस होणार काय?" असें आम्हीं विचारलें. वाक्य आम्हांस आवडलें होतें. ती "बरें, मामा," म्हणाली तें यानंतर.

मार्गशीर्षांत आम्हांस एका व्याख्यानानिमित्त सांगलीस जाण्याचा योग आला, व आम्ही भाचीकडे उतरलों. दुपारचें जेवण झालें, सासूबाईंचा डोळा लागला, मुलगा निजला. आणि ती कानांस तो ऐकण्याचा पट्टा लावून खिडकीपाशीं टंकलेखन करीत बसली. आम्हीं वर्तमानपत्राआडून थोडा वेळ पाहिलें. शेवटीं न राहवून विचारलें, "तें हमालीचें काम तूं धरलेंस कीं काय?"

तिनें कांहीं न बोलतां एक वही आमच्या हातीं दिली. चौकड्या आंखलेली, शाळेच्या मुलांची असते तशी वही. तारीख, बसलें केव्हां, उठलें केव्हां, किती मिनिटांचा ध्वनि, किती नापास, किती जमा. काम शोधण्यांत गेलेला वेळहि धरलेला. वीज गेली तो वेळहि धरलेला. आरंभीं खरोखरच तासास ४० पडत होते. आमच्या गणितांत चूक नव्हती. आश्विनांत तिचा हात बसला, एका मिनिटास पांच मिनिटें पुरूं लागलीं, म्हणजे तासास ७२. नापास तुकडे वजा जातां सुमारें ६५. पहिल्या पानावर मात्र आंकडे नव्हते. तेथें काम धरण्यापूर्वीं तिनें स्वतःस विचारलेले प्रश्न होते. 'पैसे देणारा कोण? त्याला माझ्या कामाचा उपयोग काय? माझ्याकडून आधीं कांहीं मागतो काय?' आणि त्याखालीं, 'थोडेंच काम करून पैसे काढून पाहावे. निघाले तर पुढें.' मग निराळ्या शाईनें, 'निघाले तरी आपण कांहीं भरावयाचें नाहीं.' पंचतारांकित ५० रुपयांच्या प्रसंगीं यांतला दुसरा प्रश्न आम्हांस सुचला असता तर! हॉटेलाचें तोंडहि न पाहिलेल्या माणसाच्या ताऱ्यांस तासाचे हजार रुपये कोणीं व कां द्यावे, याला उत्तर नव्हतें. यंत्रास मराठी शिकवावयाची तर मराठी जाणणारें कोणी लागणार, याला उत्तर होतें. हा भेद पाहण्यास भागाकार लागत नव्हता.

तरी आम्ही सहजासहजीं हार जाणारे नव्हे. "पासष्ट रुपये!" आम्ही म्हणालों. "शेजारचीं दोन मुलें शिकवणीस घेतलींस तर याहून अधिक मिळतील."

"घेतलीं होतीं," ती म्हणाली. "दाराची घंटा वाजली कीं सासूबाई जाग्या होतात, आणि एकदां जाग्या झाल्या कीं रात्रीपर्यंत झोप नाहीं. दोन ते चार हे माझे दोनच तास, मामा. त्यांत आवाज होतां कामा नये आणि मला घर सोडतां कामा नये. या दोन तासांना दुसरें गिऱ्हाईक नाहीं."

आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलेल्या पुष्कळ वाक्यांपेक्षां हें वाक्य आम्हांस अधिक टोंचलें. चाळीस रुपयांचा तास हलका, असें आम्हीं ठरविलें तें कोणत्या तासाशीं तुलना करून? आमच्या. ज्याचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेस, आम्हीं शिकविलें असो वा नसो, बँकेंत येऊन पडतो, ज्याचें भाकीत पुढल्या वेतन-आयोगापर्यंत ठरलेलें आहे, त्या माणसाचा तास. ज्याचा तास आधींच विकला गेलेला आहे त्यानें दुसऱ्याच्या तासाचा भाव सांगूं नये, इतकी साधी गोष्ट आम्हांस उमगली नव्हती. शिवाय आमच्या नकारांत अर्थशास्त्र अर्धेंच होतें. उरलेलें ३३,००० रुपयांचें भय होतें, आणि तें आम्हीं विद्वत्तेच्या आवाजांत बोलून दाखविलें होतें.

महिन्याकांठीं तिच्या हातीं तीन-सव्वातीन हजार पडत. सासूबाईंच्या औषधांचा मोठा भाग त्यांतून निघे. हें काम टिकणार नाहीं हें तिला ठाऊक होतें; यंत्र मराठी पुरतें शिकलें कीं शिकविणाऱ्यांची गरज तेवढी राहणार नाहीं. "आंब्याचा मोसम असतो तसा हा," ती म्हणाली, "असे तों खावे." पेटींतल्या माणसाचा दाखला तिनें विसरलेला नव्हता. "बाहुल्याचें नांव झालें तर होवो, मामा. पेटींतल्या माणसाला पगार मिळत होता कीं नाहीं, तें तुम्ही सांगितलें नाहींत." मिळत असलाच पाहिजे, असें आम्ही म्हणालों, इतके दिवस खेळणारा कांहीं फुकट खेळला नसेल.

मग चहा झाला. पेले उचलतां उचलतां तिनें सहज विचारलें, "मामा, तुमचे किती गेले?"

"कसले?"

"तुम्ही मला फोनवर म्हणालां होतां, 'प्रीपेड' कामांत पैसे घालूं नकोस. मी तर तुम्हांला तो शब्द सांगितला नव्हता. माझ्या कागदावर नव्हताच तो."

तेहतीस हजार, आम्हीं सांगितलें. ती हंसली नाहीं. "तक्रार केलीत ना?" एवढेंच तिनें विचारलें, आणि ती तीन दिवसांनीं केली हें ऐकून मान हलविली, उशिरां आणलेल्या वहीवर आम्ही हलवितों तशी.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलगा कुरकुरत होता, आणि घेतलेलें काम चारपर्यंत पोंचवावयाचें होतें. तिचें लेखनिकपण आम्हीं तासापुरतें पत्करलें. कानांत कोणी शेतकरी विहिरीच्या पाण्याविषयीं बोलत होता. आवाज भला, मागें बैलांच्या घुंगरांचा नाद, मध्येंच कोंबडा. काम वाटलें होतें त्याहून फारच कठीण निघालें. बोलणारा थांबत नाहीं, वाक्य पुरें करीत नाहीं, दोन शब्द गिळतो व तिसरा दोनदां म्हणतो. एका तासांत आमच्या हातून सात मिनिटें उतरलीं, व तींहि घाम पुसत. आम्हीं तें एकदां वाचून पाहिलें, समाधान पावलों, आणि तिनें तें रवाना केलें.

संध्याकाळीं निकाल आला. सातांपैकीं एक मिनिट नापास. भाचीनें कारण वाचून दाखविलें. शेतकरी 'पानी व्हतं' असें म्हणाला होता. आम्हीं 'पाणी होतं' असें लिहिलें होतें. जसें ऐकूं येईल तसें लिहावयाचें, सुधारावयाचें नाहीं, असा नियम पहिल्याच ओळींत दिलेला आहे असें तिनें दाखविलें. आम्हीं तो वाचलेला नव्हता.

तिनें वही काढली, आमचा तास एका ओळींत नोंदविला, आणि ३६ रुपये मोजून आमच्या हातावर ठेवले. आम्हीं ते नको म्हटलें नाहीं.